खिशातला संगणक आणि त्याची शिदोरी



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींच्या मनात आले असेल की, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ही दुकानदारी कशाला? मेमरी कार्ड कोणते घ्यावे, हातातला संगणक कोणता घ्यावा, हे दुकानदार सांगेलच की! आम्हांला तसे वाटत नाही. ज्या वस्तूत माणूस आपला हिशेब, आपली पत्रे, लेकरांची छायाचित्रे आणि बँकेच्या तिजोरीची किल्ली ठेवतो, तिची निवड हा नुसत्या बाजारहाटाचा प्रश्न राहिलेला नाही. मातीचा माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. संगणक घेताना मात्र खोक्यावर छापलेला आकडा निमूटपणे मान्य करतो. तो आकडा वाजवून कसा घ्यावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम त्या आकड्याकडेच पाहू. खोक्यावर लिहिलेले असते, ‘बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तास’. हा झाला पगार. पण पगारावरून कोणाचे घर कसे चालते हे कळत नाही. त्यासाठी खर्चाची वही उघडावी लागते. शिवाय हा आकडा अपुराही आहे. साठलेली ऊर्जा मोजावयाची तर त्याला व्होल्टने गुणून वॅट-तास काढावे लागतात. फोनमधली ५००० ची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते आणि १०००० ची पॉवर बँक सुमारे ३७ वॅट-तासांची. कागदावर फोन दोनदा भरावयास हवा; प्रत्यक्षात भरत नाही. कारण व्होल्ट चढविताना आणि उतरविताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

आता खर्चाची बाजू पाहू. यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९६ साली अमेरिकेत पामचा ‘पायलट’ नावाचा खिशातला संगणक निघाला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा खिशात बाळगून पाहिला होता. हे यंत्र गरीब होते. पडदा रंगहीन, स्मृती तोकडी. परंतु कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या दोन छोट्या सेलांवर ते कित्येक आठवडे चाले. पुढे २००० साली कॉम्पॅकचा आयपॅक आला. रंगीत पडदा, २०६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, मोठा थाट! पण त्याची मजल तासांत मोजावी लागे आणि रात्र झाली की चार्जर शोधावा लागे. बॅटरी वाईट होती असे नव्हे. घरात खाणारी तोंडे वाढली होती. आजही बहुतेक वेळा सर्वांत मोठी तोंडे हीच आहेत: उजळलेला पडदा, धावता प्रोसेसर आणि दुबळ्या सिग्नलच्या शोधात शक्ती वाढविणारा रेडिओ.

मेमरी कार्ड हे त्या मानाने लहान तोंड. पण त्याची जात पाहिली नाही तर तेही घर खाते. १९९९ मध्ये आयबीएमने मायक्रोड्राइव्ह बाजारात आणले. इंचभर व्यासाची खरीखुरी तबकडी, तीही मिनिटाला हजारो फेरे घेणारी! ३४० मेगाबाइट एवढी जागा त्या काळी चैनच वाटे. परंतु तबकडी फिरवावयास मोटर लागते आणि मोटरला वीज. त्याच आकाराच्या फ्लॅश कार्डात फिरणारे काहीच नसल्यामुळे त्याचा खर्च पुष्कळ कमी. आयपॅकला पीसी कार्डे जोडण्यासाठी जे आवरण निघाले, त्यात तर वेगळी बॅटरीच बसवावी लागली. तेव्हा जागा किती मिळते एवढेच न विचारता, ती जागा काय खाते, हेही विचारले पाहिजे.

परंतु श्रोतेहो, बॅटरी किती वेळ चालते यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. ती संपल्यावर काय उरते? आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे.

संगणकाची चालू स्मृती म्हणजे गळका रांजण. त्यातला विजेचा साठा सतत पाझरतो आणि तो सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. भरणारा हात थांबला की रांजण कोरडा. फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात मांडली. तिच्यात इलेक्ट्रॉन चहूकडून विद्युत्‌रोधक थर असलेल्या कप्प्यात कोंडले जातात. बुचाच्या बाटलीतल्या अत्तरासारखे. वीज गेली तरी ते जागच्या जागी राहतात. पाम आणि आयपॅक यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत माणसाची सारी टिपणे त्या गळक्या रांजणातच असत. पामचे सेल बदलावयास सुमारे मिनिटभराचा अवकाश मिळे. कोणी यंत्र बॅटरी संपेपर्यंत कपाटात विसरला की पत्ते, भेटीगाठी, हिशेब, सर्व स्वाहा! ज्याने आपली टिपणे कार्डावर उतरवून ठेवली होती, तोच निभावला. २००४-०५ च्या सुमारास ही यंत्रेही टिकाऊ स्मृतीकडे वळली, ती या धड्यानंतरच.

आज हा धडा जुना झाला काय? मुळीच नाही. लिहिता लिहिता वीज तुटली तर आजच्या कार्डावरील नोंदही बिघडू शकते. पिग्मी गोळा करीत दारोदार फिरणारा गृहस्थ पाहा, किंवा एसटीचा कंडक्टर. त्यांच्या हातातल्या यंत्राची बॅटरी संध्याकाळी मान टाकते, तेव्हा प्रश्न यंत्राचा नसतो. कोणा भाजीवालीच्या पन्नास रुपयांच्या नोंदीचा असतो.

तेव्हा निवड करताना काय पाहावे? कार्डावरील खुणा वाचावयास शिकावे. वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी. व्ही ३० म्हणजे ३०. ए १ आणि ए २ या खुणा कार्डावर अ‍ॅप चालविणारांसाठी. कार्ड मंद असेल तर काम लांबते आणि तेवढा वेळ प्रोसेसरला जागे राहावे लागते. म्हणून गरजेपुरते चपळ कार्ड बॅटरीच्याही हिताचे. मात्र यंत्राला झेपत नाही एवढ्या वेगाचे कार्ड घेणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावणे. आणि अनोळखी दुकानातले अतिस्वस्त कार्ड घेऊच नये. त्यावर छापलेली जागा पुष्कळदा आत नसतेच. कार्ड ही तिजोरीही नव्हे. ते वर्षानुवर्षे बिनविजेचे पडून राहिले तर कोंडलेले इलेक्ट्रॉनही हळूहळू निसटतात. मोलाच्या वस्तूची प्रत दोन ठिकाणी असावी.

यंत्र घेताना पाहावे की, कार्डाची खाच आहे काय आणि बॅटरी बदलता येते काय. लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकतेच. तिला उन्हात तापविणे किंवा रोज तळ गाठेपर्यंत उपाशी ठेवणे यांनी ती लवकर थकते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला आहे की, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा यंत्रांतील बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाराला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. ग्राहकाने हा हक्क मागितला पाहिजे, तो आपणही मागितला पाहिजे.

२०२१ च्या जुलै महिन्यात चिपळूण पुराखाली गेले, वीज गेली. अशा वेळी खिशातल्या यंत्रात उरलेला प्रत्येक टक्का म्हणजे बाहेरच्या माणसाला घातलेली एक हाक असते. रोज आपण ज्याला सोय म्हणतो, ते संकटकाळी असे आधार होते. म्हणून दुकानात उभे असता ‘हे काय काय करते?’ एवढेच विचारू नका. ‘हे किती खाते, आणि उपाशी पडले तर माझे काय सांभाळून ठेवते?’ हेही विचारा. माणूस पारखतानाही आपण याहून निराळे काय विचारतो?