गणिताच्या गोळ्या

अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणारें एक रुग्णालय होतें. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनीं १९३७ सालीं तीस मुलांना आठवडाभर 'बेंझेड्रिन' हें औषध दिलें. बेंझेड्रिन म्हणजे अँफेटॅमिन. झोंप उडविणारें, अंगांत तरतरी आणणारें द्रव्य. वागणुकीच्या तक्रारींवरून तेथें आलेलीं मुलें तें घेऊन घर डोक्यावर घेतील, असेंच कोणीही म्हटलें असतें. झालें उलट. चौदा मुलांची अभ्यासांतील प्रगति थक्क करणारी होती; कित्येकांचा आक्रस्ताळेपणा ओसरला. मुलें त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणूं लागलीं. छडी न उगारतां वर्ग शांत बसतो, हें पाहून तेथील शिक्षकांस काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी!

उत्तेजक द्रव्यानें मूल शांत कां व्हावें? मेंदूंतील एका मज्जापेशीचें टोंक दुसरीला बहुधा चिकटलेलें नसतें. मधें अतिसूक्ष्म फट असते, आणि तींतून निरोप पोंचवितात तीं रासायनिक द्रव्यें. त्यांपैकीं डोपामिनचें महत्त्व स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनीं १९५७-५८ सालीं दाखविलें. आपल्याकडील सर्पगंधेंत सांपडणारें रिसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडले. ज्यापासून डोपामिन बनतें तें द्रव्य देतांच थोड्या वेळांत ते पुन्हां हालूं-फिरूं लागले.

निरोप पोंचला कीं डोपामिन पुन्हां आपल्या पेशींत ओढून घेतलें जातें. मेथिलफेनिडेट हें औषध ही परतीची वाट अडवितें. अँफेटॅमिन त्याहून धीट. तें पेशींत शिरून आंतील डोपामिन बाहेर ढकलतें. नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या निरोप्याचीही हीच गत होते. थोडक्यांत, औषध पदरची शक्ति आणीत नाहीं. मेंदूची शिल्लकच तें खर्चास काढतें.

मात्रा अल्प असली तर परिणाम विशेषतः कपाळामागील भागांत होतो. लक्ष एका ठिकाणीं धरणें, आलेली ऊर्मि आवरणें हीं त्या भागाचीं कामें, तीं सुधारतात. मात्रा फार वाढली कीं मेंदूच्या खोल भागांत डोपामिनचा पूर येतो. मग उंदीर तेंच तें हुंगीत, कुरतडीत राहतो. माणसास संशय ग्रासतो, नसलेले आवाज ऐकूं येतात.

आतां एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घेण्याजोगी. चंचल मुलास गोळी दिली, मूल स्थिर झालें, म्हणजे त्यास विकार होताच, असा तर्क पुष्कळ घरीं होतो. अमेरिकेंतच ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं अगदीं निरोगी मुलग्यांना अँफेटॅमिनचाच एक प्रकार देऊन पाहिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, लक्षही अधिक लागलें. तेव्हां गोळीचा गुण हा निदानाचा पुरावा ठरत नाहीं. मूल घरीं कसें वागतें, शाळेंत कसें वागतें, आणि हें किती महिने चाललें आहे, हें विचारूनच डॉक्टरांस निदान करावें लागतें.