कार्डाची मर्यादा आणि नावावरचा डाग
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषण)



सातबारावर बोजा कसा चढतो हे आपल्याला वाडवडिलांपासून माहीत आहे. तलाठ्याकडं जावं, उतारा काढावा, इतर हक्काचा रकाना बघावा. कोणत्या बँकेचं किती, सगळं कळतं. आता दुसरा एक उतारा निघाला आहे. तो तलाठ्याकडं मिळत नाही आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नाही. पण तुम्ही खुर्चीवर टेकायच्या आत बँकेचा साहेब तो संगणकावर बघून मोकळा होतो. लोक त्याला सिबिल म्हणतात. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, ती २००० साली निघाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका त्यांना पूर्वी महिन्याला माहिती धाडत, १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला धाडायचं ठरलं. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये तुम्हाला गुण पडतात.

थकबाकीनं गुण जातात हे सांगायला मी उभा नाही. ते शेंबड्या पोरालाही कळतं. मला बोलायचं आहे ते कार्डाच्या मर्यादेबद्दल, कारण डागाची सुरुवात तिथं होते.

शहरातल्या नोकरदाराचं उदाहरण घ्या. त्याच्या कार्डाची मर्यादा एक लाख आणि त्यानं तीस हजार वापरले, तर हा माणूस जपून खर्च करतो असं धरतात. त्याच माणसाला बँकेनं तीसच हजारांची मर्यादा दिली आणि त्यानं तेच तीस हजार वापरले, तर हा पैशासाठी हपापलेला दिसतो. खर्च तोच, फेडही तीच. फरक केला तो बँकेनं आणि गुण गेले ते त्याचे.

आता आपलं किसान क्रेडिट कार्ड. ते १९९८ साली आलं. जूनमध्ये बियाणं, खत, पेरणी यातच सगळी मर्यादा उचलली जाते. वर्षभर कागदावर मंजूर रक्कम आणि येणं बाकी यांचा आकडा जवळजवळ सारखा दिसतो. वर व्याज नावे पडलं की बाकी मर्यादेच्याही पुढं जाते. कंपन्या आपलं गुणांचं सूत्र उघड करत नाहीत. पण तो कागद वाचणाऱ्या साहेबाला काय दिसतं? गळ्यापर्यंत बुडालेला माणूस.

आणि खर्च जूनमध्ये संपतो का? मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस आहे. कपाशीचा खर्च कधी कधी येतो तो शिकलो आणि पुढं शेतात पाहिलाही. पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी, ऑगस्टमध्ये खुरपणी, मग फवारण्या, बोंडअळी, आणि शेवटी वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर आणि रोख. ती कोणी उधार करत नाही. त्या वेळी कार्डात दमडी नसते. मग काय होतं? पहिल्या वेचणीचा ओला कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात जातो. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. तो घ्यायला कापूस वाळवून थांबावं लागतं, आणि थांबायला पैसा लागतो.

नाहीतर दुसरा रस्ता. कार्ड नवऱ्याच्या नावावर, ते संपलं, म्हणून बाईच्या नावावर फायनान्सवाल्यांचं गटाचं कर्ज. त्याचा हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला. कापूस काही आठवड्याला निघत नाही! पीककर्ज दोन हंगाम थकल्यावर अनुत्पादक धरतात; हे कर्ज नव्वद दिवसांत धरतात. म्हणजे ज्या माउलीचं नाव सातबारावरसुद्धा नाही, तिच्या नावावर डाग मात्र आधी पडतो. सोनं गहाण ठेवलं तर तेही त्या उताऱ्यात येतं. पाच ठिकाणी अर्ज केले तर पाच वेळा चौकशी झाल्याची नोंद होते.

सावकाराचं मात्र तिथं काही दिसत नाही. कृषी सेवा केंद्राची उधारीही दिसत नाही. मार्चमध्ये नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी शेकड्यानं पैसे आणून भरणारा कागदावर चोख ठरतो. ज्याला सावकारानंही उभं केलं नाही तो थकबाकीदार. असला हा उतारा शेतकऱ्याची पत सांगतो म्हणे!

मर्यादा कमी कशी राहते ते बघा. जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी पीकवार कर्जदर ठरवते. कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत हिशेब लिहून ठेवला आहे: दर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी दहा टक्के, अवजारं-विहिरीच्या देखभालीला वीस टक्के, शिवाय पीकविम्याचा हप्ता. समजा, पाच एकर कपाशीला एकरी २०,००० आणि दोन एकर ज्वारीला एकरी १०,००० दर आहे. (दर हिशेबापुरते धरले आहेत.) झाले १,२०,०००. त्यात १२,००० आणि २४,००० मिळवा. १,५६,००० आणि वर विमा. पुढं दरवर्षी दहा टक्के वाढ धरली की पाचव्या वर्षी सव्वादोन लाखांच्या पुढं. आता आपापली पासबुकं काढा. किती जणांना ते वरचे दहा आणि वीस टक्के मिळाले? किती जणांची मर्यादा तीन-चार वर्षं हललेलीच नाही? तारणाचं कारण सांगतील. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण मागायचं नाही.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं. म्हणजे मर्यादेतला प्रत्येक कमी दिलेला रुपया आपण बाहेरून शेकड्यानं आणतो. जुने लोक आठवतील, एकाधिकार खरेदीत चुकारा हातात यायच्या आधी सोसायटीचं कर्ज कापून घेत. तेव्हा वसुली डोळ्यांदेखत व्हायची.

२०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखावरचे पैसे भरून ज्यांनी एकरकमी मिटवलं त्यांनी आपली नोंद नक्की बघावी. ‘बंद’ लिहिलं आहे की ‘तडजोड’? तडजोड हा शब्द पुढच्या कर्जाला आडवा येतो. गंगाखेड भागातल्या लोकांना तर मी सांगायलाच नको. २०१७ साली तिथं शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर कर्ज उचलल्याचा गुन्हा नोंदला गेला. बँकेच्या नोटिसा आल्या तेव्हा लोकांना आपल्या नावावरचं कर्ज कळलं.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदवू असं बँकांच्या बैठकीत बजावलं. चांगलं झालं. पण तोंडी नकाराला पुरावा नसतो, आणि पुराव्याशिवाय गुन्हा कसला? शाखेत नकार मिळाला तर कारण लेखी मागा. लेखी कारण द्यायचं हा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा हा उतारा फुकट मिळतो. गावातला एखादा शिकलेला पोरगा मोबाइलवर काढून देईल. पण पैसे मागणाऱ्या एजंटाला आधार आणि पॅन देऊ नका. चूक आढळली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २०२४ पासून आहे.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येकानं आठ-अ, कार्डाचं पासबुक आणि हा उतारा आणावा. मायबहिणींनी गटाच्या हप्त्याचं कार्डही आणावं. एकरी प्रत्यक्ष खर्च किती, दर किती, मर्यादा किती आणि बाहेरून किती आणले, असे चार रकाने आपण गाववार भरू. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, नऊही तालुक्यांचे कागद एकत्र करू आणि पुढच्या खरिपाचे दर ठरण्याआधी तांत्रिक समितीच्या टेबलावर नेऊन ठेवू.