ओल्या लांकडाचा वाडगा

कांतकाम म्हटलें कीं महाराष्ट्रांत प्रथम सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं आठवतात. खेळणीं, लाटणीं हीं बारीक कामें वाळलेल्या लांकडांत सुखानें होतात. वाडग्याची गोष्ट निराळी. त्याला लागणारा जाड ठोकळा आंतपर्यंत वाळावयास वर्षें लागतात, आणि तो न तडकतां वाळेल याची शाश्वती नाहीं. म्हणून नवशिक्या कांताऱ्यानें ताजें कापलेलें लांकूडच घ्यावें. तें पटाशीखालीं सहज सुटतें, धूळ उडत नाहीं, आणि पुष्कळदां सरपणाच्या भावानेंहि मिळतें.

पहिल्या कामाला आंबा चांगला; तो फार कठीण नाहीं व सर्वत्र आढळतो. मात्र त्याचा ओला चीक कांहींच्या अंगावर उठतो. त्याच्याच कुळांतील बिब्बा तर कातडी भाजून काढतो. त्याच्या वाटेस जाऊंच नये. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादींत आंबा व फणस दोन्ही आहेत. तेव्हां ओंडका परवानगीनें तोडलेल्या झाडाचा आहे ना, हें आधीं विचारावें. आडव्या फांदीपेक्षां उभ्या बुंध्याचा ओंडका पत्करावा. फांदींतील ताण कापल्यावर मोकळा होतो व भांडें वेडेंवांकडें होतें.

लांकूड तडकतें कां, हें एकदां समजलें कीं पुढील सारी खटपट आपोआप उलगडते. वाळतांना तें वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनें जितकें आक्रसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतें. लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. या ओढाताणींत गाभ्यापासून चिरा फुटतात. शिवाय ओल मुख्यतः कापलेल्या तोंडांतून जाते, म्हणून तडे तेथें आधीं दिसतात. यास्तव ओंडका वाडग्याच्या रुंदीहून तीनचार इंच लांब ठेवावा, कापतांक्षणींच दोन्ही तोंडांस वितळलेलें मेण लावावें, आणि शक्य तितक्या लवकर तो मधल्या गाभ्यांतून उभा चिरून गाभ्याची पट्टी काढून टाकावी. गाभा वाडग्यांत राहिला कीं तडा ठरलेला. तडकलेला ठोकळा लेथवर चढवूं नये. फिरतां फिरतां तो दुभंगला तर तुकडा कांताऱ्याच्या तोंडावरच येतो. आंब्याला आणखी एक खोड आहे: ओला पडून राहिल्यास त्यावर बुरशीचे काळे डाग चढतात व भुंगा लागतो. पावसाळ्यांत तर दिरंगाई नकोच.

मग ठोकळ्याचे कोपरे छाटून, लेथ मंद गतीनें चालवून वाडगा ओबडधोबड कांतावा. भिंत रुंदीच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड असावी. आठ इंची वाडग्यास पाऊण इंचाहून किंचित् अधिक. फार पातळ केल्यास पुढें गोल करावयास लांकूड उरत नाहीं, फार जाड ठेवल्यास तडा जातो. बूड व भिंत सारखीच जाड हवी. नंतर तो ओल्याच छिलप्यांत पुरून कागदी पिशवींत, वारा न लागणाऱ्या जागीं ठेवावा. दर आठवड्यास तागडींत तोलावा व वजन पिशवीवर लिहावें. वजन घटावयाचें थांबलें म्हणजे तो वाळला. यास बहुधा कांहीं महिने लागतात.

आतां तो लंबगोल झालेला असतो. बुडाची पकडीची खुंटीहि तशीच झालेली असते. म्हणून आधीं खुंटी गोल करावी, मगच वाडगा तिच्यावर पकडून हव्या त्या जाडीचा कांतावा.