किती धावा, आणि कधी?

पोरगी मॅच खेळून घरी आली की आपण एकच विचारतो, ‘किती रन काढले?’ तेवढ्यावर तिचा खेळ जोखू नये, असं आम्हा राहात्याच्या बायांना वाटतं.

एकूण धावांना ती जितक्या वेळा बाद झाली त्याने भागलं की सरासरी निघते. शंभर चेंडूंमागे किती धावा, तो स्ट्राइक रेट. दोन्ही आकडे कामाचे. पण धावा कोणत्या वेळी आल्या, ते त्यांत दिसत नाही.

आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यात, आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे घ्या. ८५ कसोटी सामने, ५०७७ धावा, सरासरी ३८.४६. पन्नाशीच्या सरासरीवाल्यांपुढे ही कमीच दिसते. पण त्याने १२ शतकं काढली, त्यातल्या एकाही कसोटीत भारत हरला नाही. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला संघ ३६ धावांत आटोपला. पुढच्याच मेलबर्न कसोटीत कर्णधार रहाणेने ११२ धावा काढल्या आणि आपण जिंकलो.

पेरूचे किती कॅरेट निघाले एवढ्यावर आपण बाग जोखत नाही. कोणत्या भावात गेले, तेही विचारतो. मग पोरीलाही विचारूया, ‘तू खेळायला उतरलीस तेव्हा किती जणी बाद झाल्या होत्या?’