संघाबाहेरचा धनराज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज हॉकीविषयी बोलणार आहे म्हटल्यावर कुणी लगेच रेडिओ बंद करू नये. क्रिकेटवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांचं चालू द्या. आमच्या यवतमाळकडे हॉकीच्या काठीपेक्षा कबड्डीची माती जास्त ओळखीची, हेही मला ठाऊक आहे. आमच्या लोहाऱ्यात हॉकीची काठी हातात धरलेली माणसं बोटांवर मोजावीत. तरीही १९९९ सालच्या सुरुवातीला याच लोहाऱ्यात हॉकीवरून दोन तट पडले होते. कारण होतं एका खेळाडूला संघातून वगळल्याचं. तो खेळाडू म्हणजे धनराज पिल्ले.

आधी थोडी उजळणी करू. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. गंमत म्हणजे त्याआधीचं सुवर्ण १९६६ मध्ये मिळालं, तेही बँकॉकमध्येच. मधल्या वर्षांत आपण पाकिस्तानकडून हरलो, कोरियाकडून हरलो. या वेळी अंतिम सामना दक्षिण कोरियाशीच होता. बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोकवर निकाल गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. कर्णधार होता धनराज. प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक, जे स्वतः १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात खेळले होते.

आता एवढं झाल्यावर घरी परतलेल्या संघाचं काय व्हावं? काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी संघ जाहीर झाला. त्यात धनराज नव्हता. बल्लाळ नव्हता. धनराज धरून सात ज्येष्ठ खेळाडू बाहेर होते. कौशिक यांचंही प्रशिक्षकपद गेलं. भारतीय हॉकी महासंघाने खेळाडूंबाबत दिलेलं कारण एका शब्दाचं होतं: 'विश्रांती'. या मंडळींना म्हणे विश्रांती देण्यात आली होती.

त्याच वर्षी परदेश दौऱ्यांच्या आधी धनराज उघडपणे बोलला होता, की खेळाडूंना मिळणारा दैनिक भत्ता अपुरा आहे. सामन्यांचं मानधन मिळत नाही, हीही तक्रार त्याने जाहीरपणे मांडली होती. लोकांनी या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आणि आपापला हिशेब केला.

आमच्याकडे तो हिशेब चहाच्या टपरीवर झाला. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की तिथे बाकांवर जागा मिळत नाही. एका बाजूला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देशाची जर्सी अंगावर असताना पैशाची भाषा कशाला? पलटणीतल्या माणसाने भत्त्याची तक्रार पेपरात छापून आणली तर त्याचं काय होईल? कर्णधाराने असं बोलायला सुरुवात केली तर उद्या अख्खा संघ बोलेल. संघापेक्षा कुणीच मोठा नाही.

दुसऱ्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर असलेला एक जण होता. हॉकीचे नियम त्याला माहीत नव्हते. ऑफसाइड काय असते ते त्याने मलाच विचारलं होतं, आणि हॉकीतून ती तेव्हा नुकतीच हद्दपार होत होती. पण 'विश्रांती' हा शब्द ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, "आमच्या इथं बी हेच होते नं भाऊ. ओव्हरटाइमचे पैसे मांगतले का दुसऱ्या दिवशी गेटवरच सांगते, जा, आठ दिस घरी बस, आराम कर."

टपरीवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. फौजी गृहस्थांनीही चहा संपवला.

पण त्या दिवशी तिसरा एक मुद्दाही निघाला होता, आणि मला तोच सगळ्यात वजनदार वाटतो. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "तीस वर्षांचा झाला थो. नव्या पोट्ट्यायनं कवा खेळाव?" प्रश्न बरोबर आहे. कृत्रिम गवतावरची हॉकी हा पायांचा आणि फुप्फुसांचा खेळ झाला आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हे गवत आलं आणि मनगटाची जादू एकट्याने सामना काढेनाशी झाली. आघाडीच्या खेळाडूला सत्तर मिनिटं धावायचं असे. तीस वर्षांच्या माणसाचा वेग कमी होणार, हे निवड समितीने पाहायलाच हवं. ज्या संघात वय झालेल्यांना बाजूला करायची हिंमत नसते, तो संघ पुढच्या स्पर्धेत रडतो. प्रेक्षकांना हे पटत नाही, कारण आपलं प्रेम नेहमी मागच्या गोलावर असतं. निवडणाऱ्याला पुढचा गोल पाहावा लागतो.

मग धनराजला वगळलं ते या न्यायाने योग्य होतं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं भावनेची नाहीत. संघ नव्याने बांधायचा असेल तर जुने एकेक करून जातात, नव्यांना जुन्यांच्या सोबतीने उभं केलं जातं. सुवर्णपदकानंतर काही आठवड्यांत सात जण आणि वर प्रशिक्षक, असं एकदम कुणी काढत नाही. आणि तसं करायचंच असेल, तर स्पष्ट सांगावं की आम्हाला तरुण संघ हवा आहे. 'विश्रांती' म्हणणाऱ्याने आपल्याच निर्णयाची बाजू सोडून दिली. कारण विश्रांती घेतलेला माणूस परत येतो, आणि धनराज परतही आला.

तो कसा आला पाहा. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिक खेळला. २००२ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक खेळला. (या विश्वचषकात तर स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा यांना हटवलं गेलं. आपल्याकडे घोडं नदीच्या मध्यावर असतानाच बदलायची हौस फार.) त्याच वर्षी कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला धनराज, वय ३४. म्हणजे ज्या पायांना तिसाव्या वर्षी विश्रांती हवी होती, ते पाय चौतिसाव्या वर्षी साऱ्या जगाच्या पुढे धावत होते. निवड समितीला १९९९ मध्ये हे दिसणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण बँकॉक तर दिसलं होतं.

हा माणूस एवढं बोलायचा का, हेही समजून घ्यायला हवं. धनराज खडकीचा. १६ जुलै १९६८ चा जन्म, तामिळ कुटुंब, वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. कारखान्याच्या कर्मचारी वसाहतीत, धुळीच्या मैदानावर तो भावांबरोबर आणि मित्रांबरोबर खेळायला शिकला, तेही तुटक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन. त्याच्या डोळ्यांसमोर आदर्श होता मोहम्मद शाहिदचा. पुढे मुंबईला थोरल्या भावाकडे गेला, महिंद्रकडून खेळला, मग इंडियन एअरलाइन्समध्ये लागला. त्या काळच्या हॉकीपटूचं पोट असं नोकरीवर चालायचं. महासंघ त्याला खेळवायचा, जेवू घालायची कंपनी. तुटक्या काठीने शिकलेला माणूस काठीची किंमत विचारतो, यात उद्धटपणा कसला? धनराजचा स्वभाव तापट होता, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. पण तक्रारीचं उत्तर स्वभावाकडे बोट दाखवून देता येत नाही. भत्ता पुरेसा होता की नव्हता, एवढंच उत्तर हवं होतं.

२००४ चं अथेन्स मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि चाहते इथे नेहमी गल्लत करतात. अथेन्सला धनराज ३६ वर्षांचा होता. ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणलं गेलं. धनराज संघात होता, पण बहुतेक वेळ बाकावर. शेवटच्या सामन्यात त्याला अगदी थोडी मिनिटं मैदान मिळालं. भारत सातवा आला. त्यानंतर धनराज भारताकडून पुन्हा खेळला नाही. हेही त्या जुन्या सूडाचंच पुढचं पान, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला ते पटत नाही. छत्तिसाव्या वर्षी आघाडीच्या खेळाडूला थांबवणं हा खेळाचाच निर्णय आहे. दुखतं ते एवढंच, की चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या एकमेव माणसाला 'हा तुझा शेवटचा सामना' असं सांगून टाळ्यांमध्ये निरोप द्यायला कुणाचं काय गेलं असतं? १९९९ चा निर्णय चुकीचा होता. २००४ चा निर्णय बरोबर आणि रीत चुकीची होती. एकाच तागडीत दोन्ही घालू नयेत.

पुढे २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली आणि धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला. महाराष्ट्राचं नाव लावलेल्या संघात त्याला पाहायला मिळालं, एवढं समाधान. ती लीग फार टिकली नाही. २०२४ च्या डिसेंबरात नव्या रूपात सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये तर महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

ज्या महासंघाने 'विश्रांती' दिली होती, त्याचं काय झालं तेही सांगतो. २००८ मध्ये भारतीय हॉकी संघ ८० वर्षांत प्रथमच ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये महासंघाच्या सचिवांना लाच घेताना एका वृत्तवाहिनीने दाखवलं, त्यांनी पद सोडलं, आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच बरखास्त केला.

आणि भत्त्याचा तो प्रश्न? तो परत आला, तोही धनराजच्याच पुण्यात. जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीचा विश्वचषक जेमतेम दीड महिन्यावर असताना, पुण्याच्या राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला. कर्णधार राजपाल सिंग आणि त्याचे सगळे सहकारी एकत्र होते. सुरुवातीला त्यांनाही दरडावून पाहिलं गेलं. पण बावीस जणांना एकदम विश्रांती देता येत नाही, तेही विश्वचषकाच्या तोंडावर. काही दिवसांत तोडगा निघाला आणि काठ्या पुन्हा मैदानावर आल्या. धनराज १९९८ मध्ये बोलला तेव्हा तो जवळपास एकटा दिसत होता, आणि एकट्याला बाजूला करणं सोपं असतं. त्या वेळी उरलेला संघ 'आम्हीही खेळत नाही' म्हणाला असता तर काय झालं असतं, यावर आमच्याकडे आजही वाद होतो. मला वाटतं, त्या वेळी ते शक्यच नव्हतं. नोकरी, बढती, कंपनीचं घर, हे सगळं भारताची जर्सी अंगावर असण्यावर अवलंबून होतं. ज्याच्या घरी चूल त्या जर्सीवर पेटते, त्याला गप्प बसला म्हणून नावं ठेवायची माझी तयारी नाही.

बँकॉकच्या त्या संघात ओडिशाचा एक तरुण बचावपटू होता, दिलीप टिर्की. २०२२ मध्ये तो हॉकी इंडियाचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी असा निर्णय जाहीर झाला, की भारताने जिंकलेल्या प्रत्येक सामन्यामागे प्रत्येक खेळाडूला ५० हजार रुपये मिळतील. खडकीचा धनराज तेव्हा ५४ वर्षांचा होता.