बोटांना कळणाऱ्या खुणा

जपानात नव्यानं आलो की आम्हा मराठी बायकांना भाजीपाल्यापेक्षा अक्षरं जास्त छळतात. आपल्या गावी शिकल्यासवरलेल्या, नोकरी केलेल्या आम्ही इथल्या दुकानात एकदम निरक्षर होतो. बाटलीत शाम्पू आहे की कंडिशनर, तेसुद्धा वाचता येत नाही.

मग इथं मुरलेली एखादी मैत्रीण आमचं बोट धरून बाटलीवरून फिरवते. शाम्पूच्या बाटलीला कडेनं बारीक खाचा असतात, कंडिशनरला नसतात. अंगाच्या साबणाच्या बाटलीवर एकच उभी रेघ. अंध माणसांना हातानं ओळखता यावं म्हणून काओ कंपनीनं १९९१ साली शाम्पूला या खाचा दिल्या, आणि त्यावर हक्क न सांगता इतरांनाही वापरू दिल्या. केसांना फेस लावून डोळे मिटून बसलेल्या बाईलाही त्याच उपयोगी पडतात!

दुधाच्या कागदी खोक्याच्या वरच्या काठाला अर्धगोल खाच दिसली, तर ते निव्वळ दूध. खोकं उघडायचं खाचेच्या समोरच्या बाजूनं. हे कळलं की सकाळचा चहा तरी नीट होतो.

आणि फळांची चित्रं असलेले ते गोंडस डबे! लिंबू-पीच बघून सरबत वाटतं, पण त्यांत दारूही असू शकते. मुलांच्या हाती देण्याआधी झाकणावर बोट फिरवा. बहुतेक दारूच्या डब्यांवर ब्रेलमध्ये ‘ओसाके’, म्हणजे दारू, असं लिहिलेलं असतं. आम्हाला ब्रेल येत नाही, पण ठिपके लागले की डबा परत फळीवर.

औषधं मात्र अशी बोटांनी ओळखायची नाहीत हं. ती फार्मासिस्टला विचारूनच घ्यायची.