पदवीनंतरची धन्यता

(विठ्ठलवाडी येथे पदवीधर तरुणांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज तुमच्या हाती पदवी आहे. त्यामागे आईवडिलांचे कष्ट आहेत, काहींच्या घरी कर्जाचा हप्ताही आहे. म्हणून आधीच सांगते, चांगली नोकरी शोधा, घराला हातभार लावा. त्यात कमीपणा नाही. पण पगार सुरू झाल्यावरही मन रिकामे वाटणारे तरुण मला भेटतात. त्यांना काय कमी पडते, याचा विचार आज करू या.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे आयुष्य. तरी शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

आदिवासी मुले शाळेत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरे राखी. या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच बदलली. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरली, गुरे चरत तिथे कुरणशाळा भरली. शिंपले, खडे, बिया हेच शिकण्याचे साहित्य झाले. 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर पोहोचला आहे. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. पण अनुताई कोसबाडला आल्या तेव्हा तिथे त्यांची वाट पाहणारा पुरस्कार नव्हता, मुले होती.

कामाची गरज आजही संपलेली नाही. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते. कोणाचा जातीचा दाखला अडतो, कोणाचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा राहतो. तुमच्यासाठी अर्ध्या तासाचे काम, पण त्यावर एखाद्या मुलीचे कॉलेज अवलंबून असते.

विठ्ठलवाडीहून निघून कल्याणला गाडी बदलली की आसनगाव गाठता येते. शहापूरचे पाडे तिथून पुढेच आहेत. नाताळात एकदा केक वाटून, फोटो काढून येऊ नका. महिन्यातला एक शनिवार द्या, वर्षभर द्या. पहिल्या दोन भेटींत फक्त ऐका. काय हवे ते पाड्यावरची माणसेच सांगतील. जे येते तेच द्या: गणित, संगणक, हिशेब, नाहीतर रुग्णासोबत सरकारी दवाखान्यात बसणे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी असा शनिवार देऊ लागली तर ‘वेळ वाया घालवतेस’ म्हणू नका. जमले तर डबा जास्त भरून द्या.

प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. नंतर त्याने शिष्यांना शिकवले की धन्यता नुसते समजण्यात नाही, तसे करण्यात आहे. समजण्याची पदवी तुम्हाला मिळाली आहे. करण्याची सुरुवात येत्या शनिवारी होऊ द्या.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो.